थांबण्याचा इतिहास

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी इंजिनाचे जेवढे गोडवे गाइले आहेत, त्याच्या शतांशानेही ब्रेकची दखल घेतलेली नाही. हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले. गाडी किती वेगाने धावली हे सांगण्यात जो डौल आहे तो ती किती फुटांत थांबली हे सांगण्यात नाही. तथापि रस्त्यावर माणसे मेली किंवा वाचली ती पुष्कळदा या दुसऱ्या आकड्यामुळे. आणि हा आकडा एकट्या यंत्राचा नसून यंत्र व माणूस यांच्या भागीदारीचा आहे, हे पुरते ध्यानात यावयास इंग्लंडसारख्या यंत्रप्रवीण देशालाही दीर्घ काळ लागला. या भागीदारीची हकीकत लहान मोटारीच्या बाबतीत विशेष स्पष्ट दिसते. धनिकाच्या मोठ्या गाडीला चांगला ब्रेकही मिळे आणि मुरलेला पगारी चालकही. लहान गाडीच्या वाट्याला ब्रेक स्वस्तातला आला आणि चालक म्हणून कालपरवा सायकलवरून उतरलेला कारकून, शाळामास्तर किंवा दुकानदार.

१९२२ च्या जुलैत हर्बर्ट ऑस्टिन यांनी आपली ‘ऑस्टिन सेव्हन’ लोकांपुढे ठेवली. स्वतःच्या लिकी ग्रेंज या घरातील बिलियर्डच्या खोलीत, स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या नकाशाकाराला हाताशी धरून त्यांनी ती आखली होती. पुढल्या व मागल्या चाकांतील अंतर अवघे सव्वासहा फूट, वजन चारशे किलोच्या आत, आणि इंजिन आरंभी ६९६ व लौकरच ७४७ घनसेंटिमीटरचे. इतक्या चिमुकल्या गाडीला ऑस्टिननी चारही चाकांना ब्रेक दिले ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. कारण तोवर बहुतेक गाड्यांना ब्रेक असत ते मागल्या दोन चाकांनाच.

पुढल्या चाकांना ब्रेक का नसत? एक तर चाक वळवावयाचे आणि त्याच चाकाला आवळावयाचेही, ही जोडणी कठीण. दुसरे, अशाने गाडी कोलमडेल किंवा दिशा सोडील अशी भीती. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बैलगाडी उतारावरून उतरू लागली की सारा भार जुवावर येतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गाडीवानाला ठाऊक असते. मोटारीचा वेग एकाएकी आवरला की तिचा भारही तसाच पुढल्या चाकांवर येतो आणि मागली चाके हलकी होतात. हलक्या चाकाला कितीही आवळा, ते जागच्या जागी अडकून रस्त्यावर घसटत जाते, आणि मागला भाग पुढे येऊ पाहतो. म्हणजे जुन्या गाड्यांचा ब्रेक होता तो नेमका जेथे त्याचा उपयोग कमी त्या ठिकाणी.

परंतु ऑस्टिन सेव्हनच्या ब्रेकांत एक गंमत होती. पायाचा ब्रेक मागल्या चाकांना लागे आणि हाताचा दांडा ओढला म्हणजे पुढल्या चाकांना. दोन्हींची सांगड १९३० साली घातली गेली. तोवर, म्हणजे आठ वर्षे, गाडी लौकर थांबवावयाची असेल तर चालकाने एक हात सुकाणूवर ठेवावा, दुसऱ्याने दांडा ओढावा, पायाने पट्टी दाबावी, आणि हे सारे एका क्षणात साधावे, अशी अपेक्षा होती! शिवाय ब्रेक चालत तारांच्या दोऱ्यांवर. तारा ताणत, झिजत. एका चाकाची तार दुसऱ्यापेक्षा सैल झाली की गाडी एका बाजूला ओढली जाई. ऑस्टिन सेव्हनच्या ब्रेकांविषयी जुन्या मालकांत जे विनोद रूढ आहेत त्यांचे मूळ येथे आहे. तरीही १९३९ पर्यंत या गाडीच्या सुमारे २,९०,००० प्रती बनल्या, आणि ज्या वर्गाला मोटार म्हणजे खिडकीतून पाहावयाची वस्तू वाटे तो वर्ग मोटारमालक झाला.

त्याच दशकात इंग्लंडात एक चाल पडली होती. ज्या गाडीला चारही चाकांचे ब्रेक असत तिच्या पाठीवर तांबडा त्रिकोण लावीत. अर्थ असा, की ही गाडी झटकन थांबेल, तुमची थांबणार नाही, तेव्हा अंगावर येऊ नका. आपल्या मालमोटारींच्या पाठीवर ‘अंतर ठेवा’ असे जे रंगविलेले असते त्याचेच हे पूर्वज म्हणावयास हरकत नाही. मला या त्रिकोणाचे अगत्य वाटते ते यासाठी, की चांगला ब्रेक ही केवळ मालकाची खाजगी मिळकत नसून मागून येणाऱ्याच्या ब्रेकाशी तिचा संबंध पोहोचतो, हे त्यात प्रथम कबूल केलेले आढळते.

ब्रेकच्या अस्तराची कथाही ऐकण्याजोगी आहे. डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने घोडागाड्या उतार उतरताना पाहिल्या. गाडीवान लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटांचे चामडे ठोकीत व तो ठोकळा चाकाला लावीत, असे सांगतात. त्यावरून त्याने १८९७ च्या सुमारास अस्तरे बनविण्याचा उद्योग आरंभिला, आणि आपल्या नावाच्या अक्षरांची फिरवाफिरव करून ‘फेरोडो’ हे व्यापारी नाव घेतले. पुढे या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस आले. उष्णतेला ते अजोड. पण त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन माणसाचा बळी घेते. ड्रम उघडून आतली धूळ फुंकरीने उडविणाऱ्या गॅरेजमधल्या मेकॅनिकांच्या कित्येक पिढ्यांना हे कोणी सांगितले नाही. ब्रिटनने त्यावर पूर्ण बंदी घातली ती १९९९ साली.

आता माणसाकडे वळू. १९३० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोटारींवरील ताशी २० मैलांची जुनी मर्यादा काढून टाकण्यात आली. कारण ती कोणी पाळीतच नव्हते. त्याच कायद्याच्या अनुषंगाने १९३१ च्या एप्रिलमध्ये ‘हायवे कोड’ ही पुस्तिका निघाली. किंमत एक पेनी. रस्त्यावर कसे वागावे हे सांगणारे हे सरकारी चोपडे वाङ्मयाच्या इतिहासात कोणी गणणार नाही. पण सरकारी कागद किती जणांकडून वाचला जातो याची ज्यांना कल्पना आहे, त्यांना या पुस्तिकेच्या आजतागायतच्या आवृत्त्या पाहून थोडा हेवा वाटल्याशिवाय राहणार नाही.

नुसत्या पुस्तिकेने भागले नाही. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. वाहने होती सुमारे चोवीस लाख. मृतांपैकी जवळजवळ निम्मे पायी चालणारे होते. म्हणजे ज्यांना ना इंजिनाचा उपयोग ना ब्रेकचा. त्या वर्षी लेस्ली होर-बेलिशा वाहतूकमंत्री झाले. १९३५ च्या मार्चपासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली, आणि १ जूनपासून नव्या चालकाला परीक्षा सक्तीची झाली. तोवर इंग्लंडात कोणीही पैसे भरून परवाना घ्यावा व मोटार रस्त्यावर आणावी असा प्रकार होता, हे आज खरे वाटत नाही. परीक्षा नसलेला चालक व दोन तुकड्यांत विभागलेला ब्रेक ही जोडी रस्त्यावर बारा-तेरा वर्षे नांदत होती.

याच सुमारास लंडनच्या पोलिसांनी हेंडन येथे मोटार हाकण्याची शाळा काढली, आणि अर्ल ऑफ कॉटनहॅम या शर्यतींत मुरलेल्या उमरावाला सल्लागार नेमले. शर्यतीच्या माणसाकडून सावधपणाचे धडे घ्यावेत यात विसंगती वाटेल. परंतु वेगाची किंमत ज्याने जवळून मोजली आहे त्यालाच ती ठाऊक असते. हेंडनच्या पद्धतीचे सार म्हणजे क्रम. पुढे काय आहे ते आधी पाहावयाचे, मागे कोण आहे ते आरशात पाहावयाचे, खूण करावयाची, वळणापूर्वी सरळ रस्त्यावरच वेग उतरवावयाचा, मग गिअर, मग वळण. वळणात ब्रेक दाबण्याची पाळी येणे म्हणजे क्रम आधीच कोठेतरी चुकला असे मानावयाचे. या शिकवणीवरून पुढे १९५५ साली ‘रोडक्राफ्ट’ हे पुस्तक सरकारी मुद्रणालयाने सर्वांसाठी छापले. त्यातील मुख्य सूत्र असे, की जेवढा रस्ता मोकळा दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. दिसावयास साधे, पण ते पाळू गेले तर धुक्यात, रात्री, आंधळ्या वळणावर किती हळू जावे लागते ते पाहावे.

या सूत्राचा पडताळा इतिहासाने फार क्रूरपणे दिला. ब्रिटनमध्ये युद्धपूर्व व युद्धोत्तर मिळून कोणत्याही वर्षी रस्त्यावर सर्वांत जास्त माणसे मेली असतील तर ती १९४१ साली: ९,१६९. हे युद्धाचे वर्ष. पेट्रोलचे रेशन होते, खाजगी गाड्या पुष्कळशा घरी उभ्या होत्या, आणि वस्तीच्या भागात रात्रीची मर्यादा १९४० पासून ताशी २० मैलांवर आणली होती. ब्रेक तर आदल्या वर्षीचेच होते. बदलले होते ते एकच. बाँबफेकी विमानांच्या भयाने रस्त्यावरचे दिवे मालवले होते आणि मोटारींच्या दिव्यांना झापडे लावली होती. पदपथांच्या कडा, झाडांचे बुंधे पांढऱ्या रंगाने रंगविले होते, ते पुरे पडले नाहीत. ब्रेक थांबवितो तो डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूपुढे. न पाहिलेल्या वस्तूपुढे उत्तम ब्रेक व भिकार ब्रेक यांत भेद राहत नाही.

युद्ध संपल्यावर १९४६ च्या हायवे कोडमध्ये थांबण्याच्या अंतरांचे कोष्टक आले. ताशी ३० मैल वेगाला एकूण ७५ फूट. त्यांपैकी ३० फूट ‘विचाराचे’. म्हणजे धोका दिसल्यापासून पाय पट्टीवर पडेपर्यंत गाडी जी धावते ते. उरलेले ४५ फूट ब्रेकचे. ताशी ६० मैलांना विचाराचे ६० आणि ब्रेकचे १८०, मिळून २४० फूट. वेग दुप्पट झाला तर विचाराचे अंतर दुप्पट होते, पण ब्रेकचे चौपट. कारण धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ३० फुटांच्या त्या विचारासाठी कोष्टकाने माणसाला दोनतृतीयांश सेकंद दिला आहे. जागा, सावध, धडधाकट माणूस गृहीत धरला आहे, हे उघड आहे. कचेरीतल्या कटकटी डोक्यात घोळवीत घरी निघालेल्या मनुष्याला तो पुरेल असे नाही. हे कोष्टक पुढे मीटरांत मांडले गेले. त्यातली अंतरे मात्र आजही तीच आहेत.

या कोष्टकाच्या पार्श्वभूमीवर १९४८ ची मॉरिस मायनर पाहावी. अलेक इसिगोनिस यांची ही निर्मिती. नमुन्याची गाडी तयार झाल्यावर ती फार अरुंद दिसते म्हणून त्यांनी ती उभी कापून मधे चार इंच वाढविली. बॉनेटवरची मधली पट्टी ही त्या शस्त्रक्रियेची खूण होय. गाडीचे सुकाणू नेमके, रस्त्यावरची पकड घट्ट, आणि ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे. चार ताणलेल्या तारांऐवजी एका नळीतले तेल चारही चाकांना सारखा दाब पोहोचवी. वाट चुकवून निघून जाण्याची तिची क्षमता तत्कालीन लहान गाड्यांत उजवी होती.

थांबण्याची मात्र कथा निराळी. १९४८ साली इंजिन ९१८ घनसेंटिमीटरचे, शक्ती सत्तावीस अश्वांची, वेगाची परमावधी ताशी साठेक मैल. पुढे ८०३ चे इंजिन आले. १९५६ मध्ये ९४८ चे व सदतीस अश्वांचे. १९६२ मध्ये १०९८ चे व अठ्ठेचाळीस अश्वांचे. वेग पंच्याहत्तर मैलांच्या आसपास गेला. पुढल्या चाकांचे ड्रम सात इंचांचे होते ते १९६२ पर्यंत सात इंचांचेच राहिले. तेव्हा कोठे आठ इंच झाले. वेग सव्वापटीहूनही कमी वाढला, पण ब्रेकने जिरवावयाची ऊर्जा दीडपटीच्या घरात गेली. ही ऊर्जा जाते कोठे? उष्णतेत. ड्रम तापतो, प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, अस्तराची पकड ढिली पडते, आणि लांब उताराच्या शेवटी पाय खोल जातो तरी गाडी तितकी आवरत नाही. ओल्या ड्रमाची तऱ्हा वेगळी. पाण्यातून गाडी काढली की पहिले एकदोन दाब जवळजवळ वाया जातात. म्हणून पाण्याबाहेर येताच ब्रेक हलकेच दाबून अस्तरे वाळवून घ्यावीत, हा जुन्या चालकांचा रिवाज होता. आपल्या पावसाळ्यात ज्याने ड्रमाची गाडी हाकली आहे त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आणखी एक. मायनरच्या तेलाची मुख्य नळकांडी चालकाच्या पायाखाली, सतरंजीच्याही खाली दडविलेली. तेल पाहावयाचे म्हणजे सतरंजी उचला, झाकण काढा. जी वस्तू दिसत नाही ती तपासली जात नाही. आणि तेलाची वाट एकच असल्याने एका जागी गळती लागली की चारही ब्रेक एकदम गेले; उरला तो तारेवरचा हाताचा ब्रेक. रेल्वेने असा विश्वास कधी टाकला नाही. बोरघाट उतरणाऱ्या गाडीला ठरलेल्या ठिकाणी थांबून दाखवावे लागते, आणि थांबेपर्यंत रुळांचे सांधे चढणीच्या आडमार्गाकडे लावलेले असतात. ब्रेक गेलेच तर गाडी त्या चढावर जाऊन अडकावी. ब्रेक सुटेल असे धरून चालावयाचे, ही तेथली रीत. मोटारीच्या रस्त्यावर असा आडमार्ग चालकाला स्वतःच मोकळा ठेवावा लागतो. हॅरल्ड स्मिथ या अमेरिकन शिक्षकाने १९५२ पासून आपल्या धड्यांत हेच एक कलम घातले होते. तेथल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने १९६४ साली ‘बचावात्मक वाहनचालना’चा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून हे नाव जगभर झाले, मुळातली कल्पना हेंडनच्या शाळेत त्यापूर्वी तीस वर्षे शिकविली जात होती.

ब्रिटनमध्ये यंत्राची बाजू तपासण्याची सक्ती माणसाच्या परीक्षेनंतर पाव शतकाने आली. १९६० च्या सप्टेंबरात दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी तपासणी सुरू झाली. पाहावयाचे काय, तर ब्रेक, दिवे आणि सुकाणू. पुढल्या वर्षी ती सक्तीची झाली, आणि १९६७ पर्यंत तीन वर्षांच्या गाडीलाही लागू झाली. इसिगोनिस यांचीच मिनी १९५९ साली आली होती. तिची मागली बाजू इतकी हलकी, की मागली चाके अडकू नयेत म्हणून मागच्या तेलाचा दाब मर्यादित करणारी एक झडप बसवावी लागली. १९६१ च्या मिनी कूपरला पुढे डिस्क-ब्रेक मिळाले. उघड्यावर फिरणारी चकती वाऱ्याने निवते, तापली तरी चिमट्यापासून दूर सरत नाही. शर्यतीत जॅग्वारने १९५३ साली ल माँ येथे तिची महती सिद्ध केली होती. लहान गाडीपर्यंत ती आठ वर्षांत पोहोचली, हे त्या मानाने लौकरच झाले.

आपल्याकडे मायनरचे भावंड ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने हिंदुस्थान मोटर्सने काढले होते. पण लहान गाडी म्हणून आपल्या मनात घर केले ते फिआट अकराशेने. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडे. मूळ इटालियन गाडी १९५३ ची. १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ म्हणू लागले. आणि मुंबईच्या टॅक्सीतून ती शेवटची उतरली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. बदलीच्या हुकुमाबरोबर संसार लादून गावोगाव हिंडलेल्या अनेक कुटुंबांच्या आठवणींत ती आहे. चारही चाकांना ड्रम, आणि घाटातला सर्वसंमत नियम असा, की ज्या गिअरात चढावे त्याच गिअरात उतरावे. या नियमाने इंजिनच गाडीला आवरी व ब्रेक थंड राहत. नियम जुना आहे; मोठ्या गाड्यांनी तो विसरावयास लावला, इतकेच.

जुन्या गाड्यांचे शौकीन कधीकधी म्हणतात की दुबळ्या ब्रेकने माणूस शहाणा होतो, आणि सशक्त ब्रेकने बेफिकीर. यातला दुसरा भाग अगदीच निराधार नाही. पहिला मला मान्य होत नाही. १९३४ च्या मृतांतील निम्मे लोक पादचारी होते. चालकाला शहाणपण येईपर्यंतचा खर्च त्यांनी सोसला. रस्त्यात एकाएकी पोर धावत आले तर वीस फुटांत दूरदृष्टीचा उपयोग नाही. तेथे कमी वेग आणि चांगला ब्रेक हे दोनच तारक. म्हणून आज मायनर जपणारे पुष्कळ मालक पुढे डिस्क बसवून घेतात. मूळ स्वरूप बिघडते म्हणून हळहळणाऱ्यांची बाजू मला समजते. पण गाडी संग्रहालयात न ठेवता रस्त्यावर आणावयाची असेल तर मी बदल करणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

ब्रिटनमध्ये २०१८ च्या मेपासून चाळीस वर्षांवरच्या व फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती राहिलेली नाही. भारतात २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आले. त्यांनुसार अशी गाडी नित्याच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी काढता येत नाही. जुन्या लहान गाडीच्या ब्रेकची जबाबदारी ब्रिटनमध्ये तरी पुन्हा बहुतांशी मालकाकडे आली आहे. रस्ता मात्र १९४८ चा राहिलेला नाही. पुढची गाडी जेथे थांबेल तेथे मायनर थांबणार नाही, म्हणून तिचा चालक अंतर सोडतो. ते मोकळे पाहून दुसरी एखादी गाडी त्यात शिरते. त्याने पुन्हा पाय उचलून मागे सरावे, पुन्हा अंतर सोडावे, आणि पुन्हा कोणीतरी त्यात शिरावे, असे मुक्कामापर्यंत चालते.